घरी मित्रांसोबत व्हिस्की टेस्टिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या घरी चार-पाच व्हिस्की समोर मांडून चव घेण्याची संध्याकाळ कशी करायची, हे विचारणारे बरेच जण असतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातलं घर, इथली हवा आणि इथले नियम धरून दिली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टेस्टिंग म्हणजे नेमकं काय? आम्ही दर शनिवारी बसतोच की.

बसण्यात गप्पा मुख्य असतात आणि ग्लासात काय आहे याकडे पहिल्या पेगनंतर कुणाचं लक्ष नसतं. टेस्टिंगमध्ये ग्लासाकडे लक्ष द्यायचं असतं. तीन ते पाच वेगवेगळ्या व्हिस्की थोड्या थोड्या ओतून शेजारी शेजारी ठेवायच्या, वास घ्यायचा, चव घ्यायची आणि एकमेकांशी बोलायचं. खरी मजा तुलनेत आहे. एकटी व्हिस्की चाखली तर ‘छान आहे’ यापलीकडे फारसं काही सुचत नाही. तीच दुसरीच्या शेजारी ठेवली की हिच्यात मध आहे, तिच्यात धूर आहे, ही घशात कोरडी पडते, हे आपोआप कळायला लागतं. खाली जे काही सांगितलं आहे ते सगळं या तुलनेला जागा मिळावी म्हणून.

२. किती जणांना बोलवावं?

सहा उत्तम, आठ म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यापुढे दोन टोळकी पडतात आणि एक टोळकं क्रिकेटवर जातं. सगळे एका टेबलाभोवती किंवा सतरंजीवर गोलात बसू शकतील इतकीच माणसं बोलवा.

३. प्रत्येकाला किती ओतायची? पाच व्हिस्की म्हणजे पाच पेग होणार का?

अजिबात नाही. प्रत्येक व्हिस्की १५ मिलिलिटर, म्हणजे स्मॉल पेगच्या निम्मी. पाच प्रकार मिळून ७५ मिलि झाले, म्हणजे संपूर्ण संध्याकाळीत अडीच स्मॉल पेग. तेही दोन-अडीच तासांत, मध्ये खाणं आणि भरपूर पाणी घेत. १५ मिलि मोजायला वेगळं साधन आणायची गरज नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर प्लॅस्टिकचं माप असतं, त्यावर बहुधा ५, १० आणि १५ च्या रेघा असतात. ते गरम पाण्याने चांगलं धुऊन औषधाचा वास गेला आहे ना, हे बघून वापरा. अंदाजाने ओतू नका. तिसऱ्या ग्लासापर्यंत यजमानाचा हात सैल होतो आणि १५ चे ३० कधी झाले ते कळत नाही.

हिशोबही सोपा होतो. सहा जणांना १५ मिलि म्हणजे एका व्हिस्कीची एक नाइन्टी. त्यामुळे प्रत्येक प्रकाराचा खंबा विकत घ्यायची गरज नसते. ज्या ब्रँडची क्वार्टर मिळते तिथे क्वार्टर घ्या. बाकीच्यासाठी प्रत्येकाने घरातली एकेक उघडलेली बाटली आणायची. बऱ्याच घरांत कपाटात अशी एक तरी असते.

४. पहिलीच वेळ आहे. कोणत्या व्हिस्की ठेवू?

एकमेकींपासून लांबच्या निवडा. पहिल्याच वेळी स्कॉटलंडच्या एकाच स्पेसाइड भागातल्या तीन सारख्या मॉल्ट (प्रश्न ५) मांडल्या तर फरक शोधता शोधता लोक कंटाळतात. सहज मिळणाऱ्यांतून माझी पसंती अशी: सुरुवातीला ग्लेनफिडिच १२ किंवा ग्लेनलिव्हेट १२, हलकी आणि फळांची. मग जॉनी वॉकर ब्लॅक लेबल, कारण ती बहुतेकांनी प्यायलेली असते पण लक्ष देऊन चाखलेली नसते, आणि तिच्यात बारीकसा धूर आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. तिसरी पॉल जॉन ब्रिलियन्स किंवा इंद्री त्रिनी, शेवटी धुराची एक: टॅलिस्कर १० किंवा लाफ्रोएग १०. चार पुरेत. पाचवी घ्यायचीच असेल तर मधे एखादी बर्बन घाला. मक्याचा गोडवा आणि आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपाचा व्हॅनिला इतका वेगळा असतो की कुणालाही ओळखता येतो.

५. सिंगल मॉल्ट, ब्लेंडेड, बर्बन, यांत फरक काय?

सिंगल मॉल्ट: एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली. एकाच पिंपातली असावी असं बंधन नाही, एकाच कारखान्यातली हवी. ब्लेंडेड स्कॉच: मॉल्ट आणि इतर धान्यांची व्हिस्की यांचं मिश्रण. ब्लेंडेड मॉल्ट: वेगवेगळ्या डिस्टिलरींच्या फक्त मॉल्टचं मिश्रण, उदाहरणार्थ मंकी शोल्डर. बर्बन: अमेरिकेतली, निदान ५१ टक्के मका, आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवलेली. स्कॉच म्हणवून घ्यायला स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं काढावी लागतात आणि बाटलीत निदान ४० टक्के अल्कोहोल असावं लागतं.

आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त बाटल्यांत साखर कारखान्यातल्या मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं आणि त्यात थोडी मॉल्ट मिसळलेली असते. युरोपीय संघात अशा पेयाला व्हिस्की म्हणता येत नाही. त्यात अपमान मानण्यासारखं काही नाही, पण चाखताना हे माहीत असलं पाहिजे. लपवून चाखायच्या फेरीत (प्रश्न १२) अशी एखादी जरूर ठेवा.

६. सगळ्या भारतीयच ठेवल्या तर संध्याकाळ फिकी पडेल का?

उलट मला विचाराल तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हेच करा. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल मॉल्ट आधी ग्लासगोमध्ये नेऊन विकायला काढली, खुद्द स्कॉच पिणाऱ्यांच्या गावात. मग २०१२ मध्ये गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या डिस्टिलरीची पॉल जॉन आली, २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातली रामपूर, २०२१ मध्ये हरियाणातली इंद्री. आज फक्त भारतीय मॉल्टची सुंदर मांडणी करता येते.

यांची चव वेगळी का, तर मुख्य कारण हवा. पिंप लाकडाचं असतं, त्यातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. स्कॉटलंडच्या गारव्यात वर्षाला साधारण २ टक्के उडते, बंगळुरूत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास जातं. उष्णतेने व्हिस्की लाकडात जोरात शिरते आणि बाहेर येते, त्यामुळे चार-पाच वर्षांतच लाकडाचा रंग आणि गोडवा भरपूर उतरतो. तिकडे १२ किंवा १८ वर्षं ठेवतात म्हणून इथेही ठेवली, तर पिंपात फारसं काही उरणार नाही. भारतीय बाटल्यांवर वर्षांचा आकडा सहसा दिसत नाही तो यामुळे.

मांडणी अशी करता येईल: पॉल जॉन ब्रिलियन्स (धूर नाही, मध आणि मसाले), इंद्री त्रिनी (तीन प्रकारच्या पिंपांतून आलेली, मनुकांचा गोडवा), अमृत फ्यूजन (भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडहून आणलेली धुराची बार्ली यांचं मिश्रण), आणि शेवटी पॉल जॉन बोल्ड (पुरती धुराची). फ्यूजनमध्ये अल्कोहोल ५० टक्के असतं, तिथे पाण्याचे थेंब विसरू नका (प्रश्न ८).

७. खास ग्लास विकत घ्यायलाच हवेत का?

घेतलेत तर पैसे वाया जाणार नाहीत. खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा ग्लेनकेर्न नावाचा छोटा ग्लास २००१ पासून बाजारात आहे. त्यात वास वर येऊन तोंडाशी जमतो. नसेल तर वाइनचे लहान ग्लास चालतात, त्यांचंही तोंड आत वळलेलं असतं. कटिंग चहाचा ग्लास नको, तो वर रुंद होत जातो आणि वास उडून जातो. स्टीलचा पेला तर नकोच.

ग्लासापेक्षा त्याच्या स्वच्छतेकडे जास्त लक्ष द्या. भांडी घासायच्या लिंबाच्या लिक्विडचा वास काचेला चिकटून राहतो. कपाटात पालथ्या ठेवलेल्या ग्लासात लाकडाचा किंवा कागदी खोक्याचा कोंदट वास साठतो. दुपारीच नुसत्या गरम पाण्याने विसळून उघड्यावर सुलटे ठेवा आणि ओतण्यापूर्वी रिकाम्या ग्लासाचा एकदा वास घेऊन बघा.

८. पाणी, बर्फ, सोडा: काय चालतं?

आधी नीट चाखा, मग थेंब थेंब पाणी. १५ मिलिमध्ये चमच्याने चार-पाच थेंब टाकून पुन्हा वास घ्या. बऱ्याचदा आधी बंद असलेली फळं किंवा धूर एकदम वर येतो. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी संगणकावरच्या प्रारूपातून यामागचं कारण मांडलं: पाणी वाढलं की धुराच्या वासाचा ग्वायकॉल हा घटक द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो. पाणी साध्या तापमानाचं आणि बिनवासाचं हवं. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल तर फिल्टरचं किंवा बाटलीतलं घ्या.

बर्फाने वास दबतो आणि जीभ बधिर होते, म्हणून चाखून होईपर्यंत बर्फ नको. सोडाही नको. चाखणं संपल्यावर आवडली ती व्हिस्की ज्याला जशी हवी तशी घेऊ द्या. सोडा घालून घेणाऱ्या माणसाला कमी लेखू नका, आपल्या उकाड्यात त्याची पसंती समजण्यासारखी आहे.

मे महिन्यात मुंबईत खोलीचंच तापमान ३२-३३ अंश असतं आणि त्यात व्हिस्की नाकाला झोंबते. एसी नसेल तर बाटल्या चाखण्यापूर्वी वीसेक मिनिटं गार पाण्याच्या बादलीत उभ्या ठेवा. पंखा मंद करा, नाहीतर वास समोरच्याकडे जातो.

९. मला फक्त स्पिरिटचा वास येतो. बाकीच्यांना मध आणि फळं कुठून सापडतात?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. ग्लासात नाक खुपसू नका. हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. तोंड उघडं असलं की अल्कोहोलचा झटका कमी बसतो. एकदा दीर्घ हुंगण्यापेक्षा तीन-चार वेळा छोटं छोटं हुंगा आणि मध्ये स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, म्हणजे नाक ताजं होतं. पहिला घोट अगदी लहान घ्या, तो फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून. चव दुसऱ्या घोटात कळते. तो जिभेवर सगळीकडे फिरवून मोजून दहा सेकंद धरा.

आणि शब्द आपले वापरा. बाटलीवरच्या माहितीत टॉफी, हेदर, ख्रिसमस केक असं लिहिलेलं असतं. आपण यातलं काही लहानपणापासून खाल्लेलं किंवा हुंगलेलं नसतं, मग ते ग्लासात सापडणार कसं? पिकलेलं राजेळी केळं, फणसाचा गरा, काकवी, जायफळ, लवंग, ओलं खोबरं, खारीक, चुलीचा धूर, दवाखान्यातलं आयोडीन, पहिल्या पावसाची माती: हे आपल्या नाकाला पक्कं माहीत आहे. नाक अडलं तर टेबलावर गुळाचा खडा, दोन लवंगा, संत्र्याची साल आणि मनुका अशा वाट्या मांडा. आधी वाटी हुंगा, मग ग्लास. नवख्या माणसालाही दुसऱ्या व्हिस्कीपर्यंत काहीतरी सापडतंच.

खोलीतल्या इतर वासांकडेही बघा. उदबत्ती, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, कडक अत्तर आणि स्वयंपाकघरातली लसणीची फोडणी, यांतलं काहीही असलं तर हलक्या व्हिस्कीचं काही खरं नाही. फोडणी चार वाजता उरकून खिडक्या उघडा.

१०. चकणा काय ठेवायचा?

दोन भाग करा. चाखताना वेगळं आणि चाखून झाल्यावर वेगळं.

चाखताना साधं: बिनमसाल्याचे बिस्किट, पावाचे तुकडे, उकडलेले शेंगदाणे, बिनमिठाचे काजू. शेव, चिवडा, मसाला पापड, चिकन सिक्स्टी-फाय हे सगळं तेव्हा बाजूला ठेवा. तिखटाने पेटलेल्या जिभेवर अल्कोहोल आणखी जळजळतं आणि मग चारही व्हिस्की सारख्याच लागतात. कच्चा कांदा तर सगळ्यात वाईट, त्याची चव अर्धा तास जात नाही. उपाशी पोटी कुणाला बसवू नका, सहाच्या सुमारास वरण-भात-तूप किंवा पोळी-भाजी असं पोटभर होऊ द्या.

चाखून झाल्यावर जोड्या लावून बघा, हा भाग मला फार आवडतो. धुराच्या व्हिस्कीबरोबर निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील, नाहीतर भाजलेल्या वांग्याचं कमी तिखट भरीत. दोन्हीकडचा धूर एकमेकांना धरतो. शेरीच्या (स्पेनमधली एक वाइन) पिंपातल्या व्हिस्कीबरोबर खजूर, अंजीर, आणि जानेवारीत असाल तर तूप लावलेली गूळपोळी: पोळीतले तीळ आणि गूळ व्हिस्कीतल्या मनुकांना असे काही भेटतात की घोट आणि घास वेगळे सांगता येत नाहीत. बर्बनच्या पिंपातल्या व्हिस्कीबरोबर नारळाची वडी, कारण त्या लाकडातून खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा वास उतरतोच. काळं चॉकलेट कशाहीबरोबर चालतं.

मग जेवण. तेव्हा कोल्हापुरी रस्सा असला तरी हरकत नाही.

११. कोणती आधी, कोणती शेवटी?

हलकीकडून जडकडे, कमी अल्कोहोलकडून जास्तकडे, धुराची नेहमी शेवटी. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची एखादी धुराची व्हिस्की आधी घेतली की पीटचा (बार्ली सुकवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीचा) धूर जिभेवर ठाण मांडतो आणि नंतरच्या ग्लेनलिव्हेटलाही धूर येतो. अडचण येते ती ५०-५५ टक्क्यांची बिनधुराची आणि ४३ टक्क्यांची धुराची अशा दोन्ही असतील तेव्हा. तरीही धूर शेवटीच ठेवा, आणि जास्त अल्कोहोलच्या व्हिस्कीत आधीच थोडं पाणी घाला.

१२. बाटल्या लपवून चाखाव्यात का?

एकदा तरी जरूर. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावा, वर मार्करने आकडे टाका. आकार ओळखीचा असेल तर दुसऱ्या खोलीत ओतून आणा. प्रत्येकाने कागदावर एक वास, एक चव आणि दहापैकी गुण लिहायचे. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी मत बोलायचं नाही, ही अट कडक पाळा. एकाने ‘संत्रं’ म्हटलं की सगळ्यांना संत्रं सापडतं. किंमत डोळ्यांआड गेली की लोक मोकळेपणाने चाखतात. पाहुण्याने आणलेली महागडी बाटली खाली आली तर त्याला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून बाटल्या कुणाच्या ते शेवटपर्यंत सांगू नका.

१३. गडद रंगाची किंवा जास्त वर्षांची म्हणजे चांगली ना?

रंगावर विसंबू नका. स्कॉचमध्ये कॅरामल रंग घालायला परवानगी आहे. वर्षांचा आकडा म्हणजे बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय. जास्त वर्षं म्हणजे पिंपाचा जास्त प्रभाव, आणि तो काही वेळा जास्तही होतो. गरम हवेतल्या व्हिस्कीला हा आकडा तसाच लावता येत नाही (प्रश्न ६).

१४. पाणी घातल्यावर व्हिस्की धुरकट झाली. बनावट आहे का?

बहुधा नाही. काही व्हिस्की बाटलीत भरण्यापूर्वी थंड करून गाळत नाहीत. त्यांतले तेलकट घटक पाण्याने किंवा थंडीने वेगळे होतात आणि व्हिस्की गढूळ दिसते. ४६ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोलच्या मॉल्टमध्ये हे नेहमीचं आहे. चवीला त्याचा त्रास नाही. बनावट बाटलीची शंका वेगळ्या खुणांवरून घ्यायची: सील ढिलं, लेबल वाकडं, उत्पादन शुल्काचं स्टिकर नाही, किंमत अविश्वसनीय कमी.

१५. घरी प्यायलाही परवाना लागतो का? वयाचं काय?

हो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा आजीवन परवाना १,००० रुपयांना मिळतो, वर्षाचा १०० रुपयांना, आणि एका दिवसाचा ५ रुपयांना दुकानातही मिळतो. नियमित टेस्टिंग करणार असाल तर आजीवन काढून टाका. व्हिस्कीसाठी महाराष्ट्रात वय २५ पूर्ण हवं. २१ ची मर्यादा बिअरसाठी आहे. त्यामुळे पुतण्या कॉलेज संपवून नोकरीला लागला असला तरी २३ व्या वर्षी त्याला ग्लास देऊ नका. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे हा कार्यक्रम होऊ शकत नाही.

खर्च वाटून घेणं वेगळं आणि तिकीट लावणं वेगळं. पैसे घेऊन बाहेरच्यांना बोलावलंत तर ती विक्री होते आणि तिला वेगळा परवाना हवा.

१६. गोव्याहून किंवा विमानतळावरून आणलेली बाटली चालेल का?

परदेशातून येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, ती चालेल. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून गाडीत टाकलेली बाटली परवान्याशिवाय हद्दीपलीकडे आणणं मात्र गुन्हा आहे, आणि सीमेवर तपासणी होते. पॉल जॉन गोव्याची असली तरी इथल्या दुकानातूनच घ्या.

१७. गाडी चालवून परत जाणाऱ्यांचं काय? ७५ मिलिने काही होत नाही म्हणतात.

होतं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. अडीच स्मॉल पेगांत साधारण २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं आणि सामान्य बांध्याचा माणूस त्यानंतर ही मर्यादा ओलांडू शकतो. ज्याने चाखलं त्याने चालवायचं नाही. रिक्षा, कॅब, नाहीतर घरी गादी घालून ठेवा. आमंत्रण देतानाच हे सांगा, निघताना सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

ज्याला चालवायचंच आहे त्याला फक्त हुंगायला द्या. वासातूनच बरंच काही कळतं, आणि न पिणारा माणूस शेवटपर्यंत नेमकं बोलतो. जो मुळातच घेत नाही त्यालाही याच पद्धतीने सामील करा, कोकम सरबत किंवा ताक हाताशी ठेवा आणि ‘थोडी घे रे’ असा आग्रह कुणालाही करू देऊ नका. मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरचं औषध), झोपेच्या गोळ्या किंवा मधुमेहाची औषधं सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाखणंही नको.

१८. एक मित्र नेहमी जास्त घेतो. त्याला कसं आवरायचं?

बाटल्या टेबलावर ठेवू नका. यजमानाने मोजून ओतायची, बाटली परत आत न्यायची. प्रत्येकासमोर पाण्याचा मोठा ग्लास, आणि थुंकायला एक झाकण असलेला डबा ठेवा. व्यवसायाने चाखणारे थुंकतातच, त्यात गैर काही नाही. शेवटचं ओतणं नऊला संपवून लगेच ताटं मांडा. आपल्याकडे जेवण वाढलं की पिणं आपोआप थांबतं. तरीही तो ऐकत नसेल तर पुढच्या वेळी त्याला जेवायला बोलवा, टेस्टिंगला नको.

१९. तारीख कोणती निवडावी?

श्रावणात किंवा नवरात्रात अर्धे मित्र घेत नाहीत. गटारीचा दिवसही नको, त्या दिवशी सगळे पोटभर प्यायच्या तयारीने येतात. ड्राय डे आधी बघून घ्या. हिवाळा सगळ्यात चांगला: खोली गार असते आणि गूळपोळीही असते (प्रश्न १०).

२०. उरलेल्या बाटल्या किती दिवस टिकतात?

बंद बाटली वर्षानुवर्षं टिकते. उघडलेली, अर्ध्याहून जास्त भरलेली बाटली वर्ष-दीड वर्ष चांगली राहते. तळाशी थोडीच उरली असेल तर आतली हवा तिची चव हळूहळू मारते, धुराच्या व्हिस्कीचा धूर आधी जातो. अशी उरलेली छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, वर नाव आणि उघडल्याची तारीख लिहा. बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर अल्कोहोल बुचाला खातं. उन्हाच्या खिडकीत किंवा फ्रिजवर ठेवू नका, बंद कपाट पुरे.